‘फेल’ लिहिणारा हात

२०२५च्या ऑक्टोबरात, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना, वरच्या मजल्यावरची सून आमच्याकडे खाली आली. कडेवर तीन वर्षांचं पोर, हातात खोकल्याच्या औषधाची बाटली. "काका, तुम्ही औषधाच्या कंपनीत होतात ना? हे देऊ का नको, सांगा." मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मुलं दगावली होती, टीव्हीवर त्या दिवसांत त्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मी चष्मा शोधला, बाटली खिडकीशी नेली आणि लेबल वाचलं. बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, तयार केल्याची तारीख, मुदत, किंमत. दोन औषधांची नावं आणि त्यांचे मिलिग्रॅम. सगळ्यात शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘फ्लेवर्ड सिरप बेस’, म्हणजे औषध ज्यात कालवलेलं असतं तो पातळ द्रव.

चौतीस वर्षं मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात क्यूसीमध्ये, म्हणजे कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात, काढली. रबाळे, महापे, तुर्भे, नोकऱ्या बदलल्या पण ठिकाणं तीनच. औषध तपासणं हाच पोटापाण्याचा धंदा. तरी त्या बाटलीकडे बघून मला एवढंच सांगता आलं, "एवढ्याशा पोराला खोकल्याचं औषध नकोच देऊस. मधाचं बोट चाटव आणि डॉक्टरांना विचार." सल्ला चुकीचा नव्हता, पण तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. या बाटलीतलं औषध कुणी तपासलंय का, आणि तपासल्यावर काय निघालं, हे तिला हवं होतं. ते उत्तर असतं. कायद्याप्रमाणे प्रत्येक बॅच तपासावी लागते, तिचा अहवाल लिहावा लागतो, तो कारखान्याच्या फायलीत लावावा लागतो. ज्याच्या पोटात औषध जातं, त्याला तेवढा तो बघायला मिळत नाही.

माझं भांडण त्या फायलीशी आहे. प्रत्येक बॅचचा विश्लेषण अहवाल लोकांना दिसला पाहिजे, नापास झालेल्या बॅचचासुद्धा. आणि तो लिहिणाऱ्या ॲनालिस्टला मालकाच्या रागापासून कायद्याचं संरक्षण मिळालं पाहिजे. दर दुर्घटनेनंतर नव्या प्रयोगशाळांची, नव्या यंत्रांची घोषणा होते. ती यंत्रं यावीत. पण मी ज्या प्रयोगशाळांत काम केलं, तिथे यंत्र कमी पडलं म्हणून वाईट औषध सुटलं असं मला आठवत नाही.

औषध आणि विष हा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच उंदीर-सशांवर जाते. प्राण्यांवर प्रयोग करावेत की नाही, यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं. ही चर्चा महत्त्वाची आहे, पण तिच्यामुळे एक गल्लत होते. विषारीपणाचा अभ्यास, ज्याला आम्ही टॉक्स स्टडी म्हणतो, तो रेणूचा, म्हणजे औषधाच्या मूळ रसायनाचा असतो. नवं औषध बाजारात येण्याआधी बघायचं असतं की किती मात्रेला यकृत कुरकुरायला लागतं, किती दिवसांनी मूत्रपिंड थकतं, गर्भाला काही होतं का, पेशीतल्या डीएनएला धक्का लागतो का. जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ साली निम्मे प्राणी मरतील ती मात्रा शोधण्याची रीत घालून दिली. ती जुनी, क्रूर रीत आता मागे पडली आहे. आपणही २०२३ मध्ये नियम बदलून मानवी पेशी आणि चिपवर उभारलेल्या अवयवांच्या प्रतिकृती यांवरच्या चाचण्यांना दार उघडलं. बरं झालं. माकडाला सोसलं म्हणजे माणसाला सोसेल ही समजूत लंडनमध्ये २००६ साली मोडून पडली होती. टीजीएन १४१२ नावाच्या औषधाची, माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेपट कमी मात्रा सहा तरुणांना दिली, आणि चोवीस तासांच्या आत सहाही जण अतिदक्षता विभागात होते.

आपल्या देशात मात्र पोरं मेली ती रेणूमुळे नाहीत. सर्दी-खोकल्याच्या बाटलीत जी औषधं असतात, त्यांचे गुणदोष पन्नास-साठ वर्षांपासून माहीत आहेत. घात होतो तो बॅचमध्ये. अमुक तारखेला, अमुक टाकीत, अमुक ड्रममधून ओतलेल्या द्रवात. तिथे चिपवरचं यकृत काही कामाचं नाही. तिथे लागतो तो तुटपुंज्या पगारावर नोकरीला लागलेला एक बी.एस्सी. केमिस्ट्री पोरगा, ज्याने ड्रमचं झाकण उघडून नमुना काढला पाहिजे आणि जे दिसलं ते लिहिलं पाहिजे.

हा घात जुना आहे. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे त्या काळचं रामबाण औषध पातळ स्वरूपात विकायचं एका कंपनीने ठरवलं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं. विकण्याआधी तपासलं काय, तर चव, वास आणि दिसणं. शंभराहून जास्त माणसं मेली, त्यात पुष्कळ मुलं. आणि तेव्हाच्या कायद्यात विषारी औषध विकणं हा गुन्हाच नव्हता! कंपनीला पकडता आलं ते एवढ्यावरच, की बाटलीवर ‘एलिक्सिर’ लिहिलं होतं आणि एलिक्सिर म्हणायचं तर त्यात अल्कोहोल हवं, ते नव्हतं. ज्या रसायनतज्ज्ञाने ते मिश्रण बनवलं होतं, त्याने पुढे जीव दिला. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने कायदा बदलला.

डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला ग्लिसरीनसारखं. घट्ट, रंगहीन, चवीला गोडसर. ब्रेक ऑइलमध्ये, रंगांत, शाईत त्याचा उपयोग होतो आणि औषधी ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलपेक्षा ते स्वस्त पडतं. पोटात गेलं की शरीर त्याचं एक आम्ल बनवतं आणि ते आम्ल मूत्रपिंडावर बसतं. लघवी बंद होते. आई-बाप डॉक्टरला सांगतात की पोराने सकाळपासून शू केली नाही, आणि खोकल्याशी त्याचा संबंध कुणाच्या ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

१९८६ साली भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात हेच झालं. मेंदूची सूज आणि डोळ्यांतला दाब उतरवायला ग्लिसरॉल पाजलं जायचं. त्यात हे विष निघालं आणि १४ जण दगावले. मी तेव्हा ठाण्यात कॉलेजला होतो. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगासमोर रोज काय निघतं ते आमच्या चाळीत संध्याकाळी मोठ्याने वाचलं जायचं. औषध प्रशासन, रुग्णालय आणि मंत्रालय, आयोगाने तिघांनाही सोडलं नाही. केमिस्ट्री घ्यायची हे मी त्या वर्षी ठरवलं असं म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे फिजिक्सला मार्क कमी होते.

पुढे १९९८ मध्ये गुडगावला ३३ मुलं. २०१९-२०च्या हिवाळ्यात जम्मूतल्या रामनगरला किमान १२. २०२२ मध्ये आपल्याकडून गेलेल्या सिरपांशी जोडलेले गांबियातले सत्तरच्या आसपास बालमृत्यू, मग उझबेकिस्तान. आणि २०२५ मध्ये छिंदवाडा, जिथली कित्येक मुलं उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली गेली आणि तिथेच गेली. तेच विष, त्याच वाटेने, ‘बेस’मधून.

छिंदवाड्याच्या सिरपमध्ये तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला डायएथिलीन ग्लायकॉल किती सापडलं? ४८.६ टक्के. चालतं किती? ०.१ टक्का. म्हणजे मर्यादेच्या ४८६ पट. हा आकडा वाचून मी कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो, कारण त्याचा अर्थ बाहेरच्या माणसाला कळतो त्याहून वेगळा मला कळतो. मर्यादेच्या जरा वरचं विष सापडायला चांगली गॅस क्रोमॅटोग्राफी लागते, कुशल हात लागतो, एखाद्या वेळी नजरचूकही होऊ शकते. अर्धी बाटली विष असेल तर नजरचुकीला जागाच नाही. शाळेत खडूवर शाईचा ठिपका ठेवून त्याचं टोक पाण्यात बुडवलं की शाईतले रंग वेगळे होऊन वर चढायचे, आठवतं? तीच युक्ती सिलिका लावलेल्या पट्टीवर करायची. टीएलसी म्हणतात तिला. महागडं यंत्र लागत नाही, तास-दोन तासांत काम होतं. त्या पट्टीवर हे विष ढळढळीत दिसलं असतं. याचा अर्थ उघड आहे. ती पट्टी कुणी लावलीच नाही, किंवा लावली आणि जे दिसलं ते कागदावर आलं नाही.

यंत्रं विकत घेऊन हे सुटणार नाही असं मी म्हणतो ते यासाठी.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. गांबियानंतर, १ जून २०२३ पासून, परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपला नेमून दिलेल्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. त्या यादीत मुंबईची केंद्रीय औषध परीक्षण प्रयोगशाळाही आहे. नियम योग्यच होता. पण तो निर्यातीचा नियम होता. न्हावाशेवा बंदरातून निघणाऱ्या बाटलीला बाहेरचा तिसरा डोळा, आणि तीच बाटली घोडबंदर रोडवरच्या केमिस्टकडे जाणार असेल तर कारखान्याच्या स्वतःच्या क्यूसीचा शिक्का पुरे. सव्वादोन वर्षांनी छिंदवाडा झालं. देशातल्या पोरांची किडनी परदेशातल्या पोरांपेक्षा चिवट असते असं कुठल्याही टॉक्स स्टडीत माझ्या वाचनात आलेलं नाही.

आता ‘कारखान्याच्या स्वतःच्या क्यूसीचा शिक्का’ म्हणजे काय असतो ते सांगतो, कारण तो मी मारलेला आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट. पट्ट्यातल्याच एका मध्यम कारखान्यात होतो. त्याचं नाव घेत नाही, आता तो बंदही झालाय. कंपनीची बस ठाणे स्टेशनवरून कळव्यामार्गे जायची. त्या रात्री विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली गुडघाभर पाणी, मी दीड तास उशिरा पोचलो. एका गोळीच्या बॅचचं इम्प्युरिटीचं रन चालू होतं. एचपीएलसी ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: नमुन्याचं इंजेक्शन मारलं की त्यातले घटक एकेक करून नळीतून बाहेर पडतात आणि पडद्यावर टेकड्यांसारखे उंचवटे उमटतात. आम्ही त्यांना पीक म्हणतो. मुख्य औषधाचा मोठा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी बारक्या टेकड्या, त्या अशुद्धी. त्यातली एक मर्यादेच्या वर होती. मर्यादा ०.५ टक्के, आली ०.५७.

"परत मार," सुपरवायझर म्हणाले. परत मारलं, ०.५६. तिसऱ्यांदा ०.५८. यंत्र आपल्या म्हणण्यावर ठाम होतं. सुपरवायझर वाईट माणूस नव्हते. माझ्या लग्नात आहेर घेऊन आले होते. ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेसलाइन नीट ओढ रे."

टेकडी केवढी हे मोजायचं तर तिच्या तळाशी एक रेष लागते. यंत्र ती आपोआप ओढतं, पण माऊसने हातानेही ओढता येते. रेष केसभर वर सरकवली की टेकडीचा तळ कापला जातो. दोनदा सरकवली. ०.५७चं ०.४८ झालं. आधीची तीन इंजेक्शनं त्या काळात नुसती पुसून टाकता यायची. छापलं, चिकटवलं, खाली सही केली. सकाळी साडेसहाला ट्रक गेला. त्यानंतर मला झोप लागली नाही असं लिहिलं तर ते नाटक होईल. बसमध्ये बसल्याबसल्या डोळा लागला तो कळवा नाक्यापर्यंत.

त्या गोळ्यांनी कुणाचं काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही. खरी गोम तिथेच आहे. काहीच बिघडत नाही. पहिल्यांदा बिघडत नाही, दहाव्यांदा बिघडत नाही, मग हाताला सवय होते, मग डिपार्टमेंटला सवय होते. ‘फेल’ आलं की ‘चूक कुठे झाली’ हा प्रश्न औषधाला विचारायच्या ऐवजी ॲनालिस्टला विचारला जातो. पिपेट नीट धरलीस का, काचसामान धुतलं होतं का, कॉलम जुना झालाय का. हे प्रश्न विचारायलाच हवेत, पण ‘पास’ आलं की ते कुणी विचारत नाही. अशा खोलीत एके दिवशी नव्या व्यापाऱ्याकडून स्वस्तातला ड्रम येतो, त्याच्याबरोबर आलेल्या कागदावर सगळं ‘पास’ असतं, आणि तो कागद तसाच उतरवून घेतला जातो. त्या दिवशी कुणी मुद्दाम खून करत नाही. सगळे नेहमीचं काम करत असतात.

हा रोग आपल्याच मातीतला आहे असं समजायचं कारण नाही. शिकागोजवळ इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची मोठी प्रयोगशाळा होती. औषधं आणि कीटकनाशकं यांचे प्राण्यांवरचे विषारीपणाचे अभ्यास ती कंपन्यांना करून द्यायची. १९७६ साली अमेरिकी औषध प्रशासनाचे एड्रियन ग्रॉस तिथले उंदरांचे अहवाल चाळत होते. मूळ नोंदवहीत त्यांना जागोजागी तीन अक्षरं दिसली: टीबीडी. विचारल्यावर कळलं, ‘टू बॅडली डीकम्पोज्ड’, म्हणजे तपासण्यापलीकडे सडलेला. प्राण्यांच्या एका मोठ्या खोलीत आपोआप पाणी देणारी यंत्रणा बिघडली होती. उंदीर बुडून मरत होते, कामगार त्या खोलीला दलदल म्हणायचे. आणि अहवालात मात्र त्याच अभ्यासांचे नीटनेटके तक्ते. मेलेल्यांच्या जागी नवे उंदीर घातले जायचे. १९८३ मध्ये तिघे अधिकारी दोषी ठरले. अशा प्रकरणांनीच जीएलपी, म्हणजे ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’, नावाची शिस्त जन्माला घातली: मूळ नोंद जपून ठेवायची, खोडलं तर काय खोडलं ते दिसलं पाहिजे, अभ्यास करणारा वेगळा आणि त्यावर नजर ठेवणारा वेगळा. २०११ पासून भारत त्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा पूर्ण सदस्य आहे. इथे केलेला टॉक्स स्टडी आज युरोपात परत करून मागत नाहीत.

यात मला मोठी गंमत वाटते ती ही. ग्रॉसना खोटं सापडलं ते अहवालात नाही, कच्च्या वहीत सापडलं. अहवाल चकचकीतच असतो. आपल्या कारखान्यांतही आता संगणकावर ऑडिट ट्रेल असते. कुणी, किती वाजता, किती वेळा इंजेक्शन मारलं, बेसलाइन कितीदा हलवली, सगळं नोंदलं जातं. माझ्या त्या रात्रीसारखी रात्र आज चांगल्या कंपनीत लपवणं अवघड आहे. हे घडलं ते मुख्यतः अमेरिकी तपासनीस दारात उभे राहू लागले म्हणून. रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीने २०१३ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. आतल्या खोट्या आकड्यांना वाचा फोडली होती तिथेच काम केलेल्या दिनेश ठाकूर यांनी. औषधं भारतातल्या कारखान्यांची, वाचा फोडणारा मूळचा भारतीय, आणि त्याचं ऐकून घेणारा कायदा अमेरिकेचा. आपल्याकडे जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ साली झाला खरा, पण तो लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता, आणि तोसुद्धा अजून अमलात आणलेला नाही. रबाळ्याच्या खाजगी कारखान्यातल्या ॲनालिस्टने ‘मला बेसलाइन हलवायला लावली’ हे सांगायचं कुणाला?

इथे एक साधी गोष्ट करता येईल. महाराष्ट्रात क्यूसीच्या माणसाला एफडीएचं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं, अप्रूव्हल लागतं. ‘अप्रूव्हड केमिस्ट पाहिजे’ अशा जाहिराती आपण पाहतोच. म्हणजे त्याचं नाव सरकारदरबारी असतं. असा माणूस नोकरीवरून गेला की कंपनी ते कळवते. का गेला, हे त्याला कुणी विचारत नाही. एफडीएने विचारावं. शेवटच्या सहा महिन्यांत त्याने कुठली बॅच नापास केली होती का, त्या बॅचचं पुढे काय झालं, एवढं बंद दाराआड विचारावं. बरेचदा काही निघणार नाही. पण असं विचारलं जातं एवढं मालकाला माहीत असलं, तरी रात्रपाळीतली कितीतरी वाक्यं तोंडातच राहतील.

दुसरी गोष्ट अहवालाची. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडांच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो स्कॅन केला की काय दिसतं? औषधाचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक, तारखा, परवाना. म्हणजे जे पाकिटावर छापलेलंच आहे ते. चौकट तयार आहे, रस्ता तयार आहे, त्यात त्या बॅचचा सीओए, म्हणजे विश्लेषण अहवाल, टाकायला हरकत काय आहे? कच्च्या मालासकट. ग्लिसरीन कुणाकडून आलं, त्यातलं डायएथिलीन ग्लायकॉल कुठल्या रीतीने तपासलं, किती आलं, सही कुणाची. वरच्या मजल्यावरच्या सुनेला त्यातलं अक्षर कळणार नाही हे कबूल. पण तिच्या भावाच्या मित्राला कळेल, कॉलेजातल्या प्राध्यापकाला कळेल, प्रतिस्पर्धी कंपनीला तर नक्कीच कळेल. आणि जो आकडा उद्या कुणीही ताडून बघू शकतो, तो हवेतून लिहिताना हात आखडतो.

यावर जे आक्षेप येतात ते मी कॅन्टीनमध्ये वर्षानुवर्षं ऐकलेले आहेत. व्यवसायाची गुपितं फुटतील, हा पहिला. त्यात दम नाही. सीओएमध्ये कृती नसते, निकाल असतो, आणि घाऊक खरेदीदाराला तो आजही न मागता दिला जातो. छोटे कारखाने मरतील, हा दुसरा, आणि याला मी उडवून लावणार नाही. तळोजा काय नि हिमाचलमधली बद्दी काय, पन्नास माणसांचा कारखाना चालवणं सोपं नाही. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांची नियमावली, पाळण्यासाठी सरकारनेच छोट्यांना २०२५च्या अखेरपर्यंत वाढीव मुदत दिली होती. पण मी मागतो आहे ती नवी चाचणी नाही. जी चाचणी कायद्याने आजही करायची आहे, तिचा कागद दाखवा इतकंच. कागद दाखवण्याने जो कारखाना बुडेल, तो कागदच नव्हता असं समजायला हरकत नसावी.

तिसरा आक्षेप घबराटीचा, आणि तो खरा आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संघटना दर महिन्याला नापास नमुन्यांची यादी लावते. २०२४च्या सप्टेंबरात त्या यादीत पॅरासिटामॉलच्या गोळीचं नाव दिसलं, आणि व्हॉट्सॲपवर ‘पॅरासिटामॉल विषारी’ इथपर्यंत मजल गेली. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दोघांनी तापातही गोळी घेतली नाही. नापास म्हणजे विषारी नव्हे. एखादी गोळी उशिरा विरघळते, एखाद्या गोळीत औषध ९५ टक्क्यांऐवजी ९३ टक्के असतं. काही वेळा तर ज्या कंपनीचं नाव छापलेलं असतं तिने ती बनवलेलीच नसते, नकली असते. पण ही घबराट का झाली? कारण लोकांना फक्त नापासांची नावं कळतात, पास कशाला म्हणतात तेच कधी दिसत नाही. दहावीच्या निकालात नुसत्या नापास पोरांची यादी शाळेच्या दारावर लावली तर गावाला सगळी शाळाच वाया गेलेली वाटेल.

आणि हे सगळं झालं तरी विष निसटणार नाही अशी हमी मी देत नाही. २०१८च्या जुलैत रक्तदाबाच्या व्हॅल्सार्टन या औषधात एनडीएमए नावाचा कर्करोगाला निमंत्रण देणारा पदार्थ सापडला. त्याची दिवसाला चालणारी मात्रा ९६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत मोजायची. वर्षानुवर्षं त्या औषधाच्या प्रत्येक बॅचचे अहवाल ‘पास’ होते आणि त्यातला कुणी खोटारडा असायची गरज नव्हती. बनवण्याची कृती बदलताना नवं काय तयार होऊ शकतं हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता, म्हणून तपासात तो पदार्थ नव्हता. चाचणी विचारलं तेवढंच सांगते. इथे मात्र खरोखर नवी यंत्रं लागतात, विषशास्त्राचा अभ्यास लागतो, खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रासारख्या संस्थांत पेशींशी झटणारी माणसं लागतात. त्या संशोधनाला पैसा द्या म्हणून मीही पत्रक काढीन. पण अर्धी बाटली विष न दिसलेल्या देशाने अब्जाव्या भागाच्या गप्पा मारताना थोडा आवाज खाली ठेवावा.

एक कलम मात्र आजही आपल्या हातात आहे आणि चौतीस वर्षांत ते वापरलेला एकही माणूस मला भेटला नाही. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, कलम २६. कुणीही ग्राहक आपण विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो, आणि त्याच्या सहीचा अहवाल मागू शकतो. वकील नको, तक्रार नको, कुणी मरायला नको. ब्रिटिशांच्या काळातला हा कायदा वरच्या मजल्यावरच्या सुनेला जो हक्क देतो, तो तिला कुणी सांगितलेला नाही. मलाही तो पाठ होता तो परीक्षेपुरता.

दिवाळीनंतर मी गोखले रोडवरच्या केमिस्टकडे गेलो आणि तेच सिरप मागितलं. एकाच बॅचच्या, सील न तोडलेल्या बाटल्या हव्यात म्हटल्यावर त्याने खोक्यातून क्रमांक बघून बघून काढून दिल्या. पक्कं बिल मागितलं, त्यावर बॅच क्रमांक लिहायला लावला.

"चार बाटल्या?" तो म्हणाला. "काका, एवढा कुणाला खोकला झालाय?"